न विचारता जोडलेली तार

माझी पहिली गाडी मी बावन्नाव्या वर्षी घेतली. त्याआधी स्कूटी होती, तीही कॉलेजपुरती. अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. घर ते कॉलेज दोन किलोमीटर, भाजीबाजार वाटेवरच, लग्न केलेलं नाही. चारचाकी कशाला पाहिजे, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आई गेली आणि पडला.

बाबा अकोल्याला एकटे राहिले. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, आमचं तीन खोल्यांचं घर आहे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता बाबांनी ते एकेक भिंत करत उभं केलं. "अमरावतीला चला," म्हटलं की ते म्हणायचे, "तिथं मले कोन ओळखते? इथं विहारात गेलो की दहा जन विचारतात, तब्येत कशी हाय. तुह्या बिल्डिंगीत काय लिफ्ट विचारन मले?"

त्यांच्या हृदयाला एकदा झटका येऊन गेला होता. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी असायची. गुडघे इतके धरलेले, की ऑटोत चढताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. दर दुसऱ्या रविवारी मी कधी बडनेऱ्याहून रेल्वेनं, कधी एस.टी.नं जायची, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं असलं की पुन्हा तेच, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऑटो शोधणं. शेवटी मी गाडी घेतली. छोटीच, पांढरी.

ड्रायव्हिंग स्कूलनं मला लायसन्स मिळवून दिलं. गाडी चालवायला शिकवलं ते काकांनी.

काका म्हणजे बाबांचे मित्र. मूळचे तेल्हाऱ्याचे, पण चाळीस वर्षांपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टिनाचं गॅरेज. सगळं जुनं शहर त्यांना मिस्त्री म्हणतं. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी ते आमच्याकडे यायचे. बाबा पेपर मोठ्यानं वाचायचे, काका ऐकायचे, आणि दोघं मिळून सरकारला शिव्या द्यायचे. बाबांना झटका आला त्या दिवशी मी बारावीचे पेपर तपासत अमरावतीला होते. मी पोचेपर्यंत काकांनी त्यांना गिऱ्हाइकाच्या दुरुस्तीला आलेल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, भरती केलं होतं, आणि बाहेरच्या बाकावर बसून होते. अंगावरचे ग्रीसचे कपडेही बदलले नव्हते. मला पाहून म्हणाले, "भिऊ नको माय. बोलून राहिला तो. नर्सले शिव्या देऊन राहिला."

ते मला माय म्हणायचे. लहानपणापासून.

नवी गाडी घेऊन मी अकोल्याला गेले तेव्हा ती मी चालवत नेली नव्हती. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं आणून दिली होती. काकांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली हाय. आता चाल, बस." मग सलग आठ सुट्ट्यांचे दिवस बाळापूर रोडवर ते माझ्या शेजारी बसले. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च आवळून धरायची. "माय, तू त्याचा गया काहून दाबून राहिली? सोड थोडं. गाडी पयून नाई जात." मी हसायची आणि गाडी बंद पडायची. एकदा समोरून ट्रक आला, तर मी डोळेच मिटले. त्यांनी शांतपणे हात लांब करून स्टिअरिंग वळवलं आणि म्हणाले, "डोये उघडे ठेवून मरावं मानसानं." नवव्या वेळेला मी एकटीनं अमरावती-अकोला केलं. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा वाटलं, असा आनंद मला कोणत्या डिग्रीनंही दिला नव्हता.

गाडीला वर्ष होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पावसाळा संपत होता. रविवारी दुपारी परतायला निघाले तर हॉर्न वाजेना आणि उजवा दिवा लागेना. गाडी शनिवारपासून गल्लीत उभी होती. गॅरेज बंद होतं, पण काका घरी होते. बाबांनी हाक मारली तसे बनियनवरच आले. बॉनेट उघडून त्यांनी आत बॅटरी मारली आणि लगेच म्हणाले, "उंदीर. हे पाय, दोन तारा कुरतडल्या त्यानं."

मग एक क्षण थांबले. ते थांबणं मला आजही स्पष्ट दिसतं, कारण पुढं जे झालं ते सगळं त्या थांबण्यावर अवलंबून होतं.

"माय, गाडी वारंटीत हाय ना तुही?"

"हो काका. अजून दोन वर्षं आहे."

"मंग मी हात नाई लावत. उद्या शोरूमले दाखव. बाहेरच्या मिस्त्रीनं तार जोडली म्हंतात अन् मंग नाटकं करतात ते लोक."

"काका, उद्या सकाळी माझं प्रॅक्टिकल आहे. आज कशी जाऊ? वाटेत अंधार पडेल. एक दिवा, हॉर्न नाही, अन् तो हायवे."

"राहून जा आजच्या दिवस."

"नाही हो. तुम्ही जोडून द्या. त्या दोन तारांना कोण पाहतं?"

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चहाचा कप हातात घेऊन दारात उभे होते. "कर बावा," बाबा म्हणाले, "नाई तर ही निंगन तशीच."

काकांनी दहा-पंधरा मिनिटांत काम केलं. कुरतडलेला भाग कापला, तेवढ्याच जाडीची तार आणून डाग देऊन जोडली, वर रबरी नळी चढवली, टेप गुंडाळली. कापलेले दोन तुकडे त्यांनी काडेपेटीत घालून मला दिले. "शोरूमवाल्यानं विचारलं तर दाखवजो. उंदराचे दात दिसतात त्यावर." मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. हॉर्न वाजवून पाहिला. वाजला. मी निघाले.

चार महिन्यांनी, कॉलेजातून घरी येताना, पंचवटी चौकात माझं स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. वळेचना. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. एका ट्रॅफिक पोलिसानं आणि दोन अनोळखी माणसांनी ढकलून गाडी कडेला लावून दिली. ती उचलून बडनेरा रोडवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली गेली. मी निर्धास्त होते. वॉरंटी होती.

दोन दिवसांनी फोन आला. स्टिअरिंगची मोटर गेली होती. नवी बसवावी लागेल, आणि ती वॉरंटीत बसत नाही.

"का बसत नाही?"

"गाडीत बाहेरचं वायरिंग केलेलं आहे, मॅडम. तारा कापून जोडलेल्या आहेत. त्यामुळे इलेक्ट्रिकलची वॉरंटी रद्द होते."

मी तिथं गेले. काउंटरवरच्या मुलीनं वॉरंटीचं पुस्तक उघडून बारीक अक्षरातल्या एका ओळीवर पेन टेकवला. मी म्हटलं, हॉर्नच्या तारेचा स्टिअरिंगशी काय संबंध? ती म्हणाली, तसं लिहिलंय मॅडम. मी म्हटलं, जोडलेली तार आणि जळलेली मोटर यांच्यातला संबंध मला दाखवा. ती म्हणाली, तसं आम्ही दाखवू शकत नाही, पण तसं लिहिलंय. पुढचे तीन आठवडे असेच गेले. हेल्पलाइनवर गाणं ऐकायचं, तक्रार क्रमांक घ्यायचा, मग त्या क्रमांकाची तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज यायचा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. मधल्या काळात बाबांची तपासणी आली. मी एस.टी.नं गेले, त्यांना ऑटोत चढवलं, उतरवलं. त्यांनी एकदा ओठ घट्ट मिटून डोळे बंद केले.

काकांना मी फोनवर सांगितलं होतं. ते चिडले. "हॉर्नची तार कुठं अन् स्टेरिंगची कुठं! मी येतो अमरावतीले. त्यायच्या समोर उभा राहून दाखवतो."

"नको काका. मी पाहते."

"मी केलेलं काम हाय, माय. मले सांगता येते."

"पाहते ना मी."

खरं सांगायचं तर मला ते तिथं नको होते. काचेचं ते चकचकीत ऑफिस, टाय लावलेली मुलं, आणि त्यात आमचे काका वऱ्हाडीत भांडताहेत, हे चित्र मला डोळ्यांपुढे आणवेना. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

पाचव्यांदा गेले तेव्हा मला आत, सर्व्हिस मॅनेजरच्या खोलीत बसवलं. पस्तिशीचा तरुण उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. "मॅडम, ओळखलं नाही ना? अकरावी-बारावीला तुमच्याकडेच होतो. शेंदूरजनाघाटचा. संत्री आणायचो तुमच्यासाठी." संत्री आठवली, मग चेहरा आठवला. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तीन आठवड्यांत मला कोणी ओळखलं नव्हतं तिथं.

त्यानं दार लावलं. "मॅडम, एक रस्ता आहे. कंपनीचा इंजिनिअर शनिवारी नागपूरहून येतोय. त्याला तुमची केस दाखवतो. पण फाइलमध्ये एक कागद लागेल. ग्राहकानं मुद्दाम बाहेर काम केलं नाही, एवढं दिसलं पाहिजे. म्हणजे तुमच्या गैरहजेरीत, तुम्हाला न विचारता, मेकॅनिकनं परस्पर केलं. मग कंपनी विशेष बाब म्हणून मंजूर करते."

"पण तसं झालं नाही."

"मॅडम, कागद आहे तो फक्त. फाइलमध्ये जाऊन पडेल. त्या मेकॅनिकला कोण काय करणार आहे?"

मी वीस वर्षांहून जास्त काळ मुलांना प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायला शिकवत आले. रंग बदलला नसेल तर बदलला असं लिहू नका, पुस्तकात काहीही असो. जे दिसलं तेवढंच लिहा. हा मुलगाही माझ्याकडून हेच शिकून गेला होता. त्याच मुलासमोर बसून, त्यानं दिलेल्या कोऱ्या कागदावर, मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सदर वाहनाचं वायरिंग अकोला येथील स्थानिक मेकॅनिकनं माझ्या गैरहजेरीत व मला न विचारता कापून जोडलं, आणि ही बाब मला नंतर समजली. "मेकॅनिकचं नाव आणि दुकानाचा पत्ता टाका मॅडम, नाहीतर खोटं वाटतं," तो म्हणाला. मी नाव टाकलं. पत्ता टाकला. खाली सही केली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

दमले होते म्हणून केलं, बाबांसाठी केलं, असं म्हणता येईल. ते खोटंही नाही. पण लिहिताना माझा हात थांबला नव्हता, हेही खरं आहे.

तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी नऊ वाजता दाराची बेल वाजली. दारात काका. पांढरा धुतलेला शर्ट, इस्त्री केलेला. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. हातात पिशवी. पहाटेची एस.टी. धरून आले होते.

"बाबानं सांगतलं, आज मोठा इंजिनेर येऊन राहिला म्हनून." बाबांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं. काकांनी पिशवीतून सामान काढून टेबलावर मांडलं. टेस्टर, तारेचा उरलेला गुंडाळा, रबरी नळीचा तुकडा, आणि ती काडेपेटी. एवढे महिने त्यांनी ती ठेवली होती. "हे पाय. त्याले दाखवतो मी. कोनती तार, किती जाडीची, कुठून कुठं गेली. इंजिनेर मानूस असन तर समजते त्याले."

मी म्हटलं, "काका, काम झालंय. ते मानले आहेत. तुम्ही उगाच त्रास घेतला."

"मानले?" त्यांचा चेहरा खुलला. "कसे काय मानले?"

"बोलले मी त्यांच्याशी."

"वा! शिकलेल्या मानसाचं असं राह्यते." त्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले. मला वाटलं, आता त्यांना बसवर बसवून द्यावं. पण ते म्हणाले, "आलोच हाओ तर गाडी पाहून जातो. मोटर नवी टाकतात का जुनीच धुऊन टाकतात, पाह्यलं पाह्यजे." नाही कसं म्हणणार? काहीतरी सांगता आलं असतं. डोकं दुखतंय, आज सेंटर बंद आहे, काहीही. मला त्या वेळी आणखी एकही खोटं सुचलं नाही.

सेंटरमध्ये माझी गाडी वर उचलून ठेवली होती. खाली नागपूरचा इंजिनिअर हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन उभा होता आणि माझा विद्यार्थी त्याच्या शेजारी. काकांना पाहून विद्यार्थ्यानं माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी काही बोलायच्या आधीच काका पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब. मी अकोल्याचा मिस्त्री. या गाडीची तार मीच जोडली होती."

इंजिनिअरनं पाटीवरचा कागद उलटला. तो माझा कागद होता. माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त रकाने भरत होता. "अच्छा, ते मेकॅनिक तुम्हीच का? म्हणजे मॅडम हजर नसताना, त्यांना न विचारता तुम्ही वायर कापली. बरोबर?"

काका त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला बोलता आलं असतं. सगळं अजून दुरुस्त होण्यासारखं होतं. 'नाही, मीच जोडायला सांगितली होती', एवढे पाच शब्द. मी खाली पाहिलं. माझ्या चपलेजवळ तेलाचा एक डाग होता, त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला होता. मी त्या भुशाकडे पाहत राहिले.

"हो साहेब," काका म्हणाले. "मॅडम घरात होत्या. मले वाटलं, करून टाकावं. विचारलं नाई मी त्यायले."

"असं करत जाऊ नका काका. वॉरंटीतल्या गाड्या असतात. नुकसान त्यांचं होतं."

"नाई करत आता."

इंजिनिअरनं कागदावर खूण केली आणि तो पुढं वळला. काकांच्या पिशवीतलं काहीच बाहेर निघालं नाही. त्यांनी नवी मोटरही पाहिली नाही. गेटकडे चालू लागले. मी मागोमाग गेले.

"काका, घरी चला. जेवून जा."

"नाई. साडेबाराची बस हाय."

"काका, मले तसं…"

"मोटर भेटते ना नवी?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "मंग झालं." एक ऑटो थांबला. ते बसले. मी आत बसायला लागले तर म्हणाले, "तुमी राहा. तुमचं काम हाय इथं."

चार दिवसांनी गाडी मिळाली. स्टिअरिंग एका बोटानं वळावं असं हलकं झालं होतं. किल्ली देताना माझा विद्यार्थी खुशीत होता. "मॅडम, मोटर आतूनच खराब होती. वायरचा काही संबंध नव्हता. इंजिनिअरनी उघडल्याबरोबर सांगितलं."

"मग कागद कशाला लागला?"

"तपासणी लावायला मॅडम. फाइलमध्ये काहीतरी असल्याशिवाय ते उघडूनच पाहत नाहीत."

"खरं लिहून दिलं असतं तर? उंदरानं तार कुरतडली, मी सांगून जोडून घेतली, असं?"

तो जरा विचारात पडला. प्रामाणिक मुलगा होता तसा. "कदाचित चाललं असतं," तो म्हणाला. "आजपर्यंत कोणी तसं देऊन पाहिलं नाही."

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. सकाळचा पेपर घडी न मोडता मांडीवर पडला होता. मी पाणी प्यायले आणि जे झालं ते सांगितलं, सगळं. बाबांनी मांडीवरचा पेपर बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, "त्यानं नाई विचारलं काय तुले? माह्या समोर विचारलं त्यानं. मी इथंच उभा होतो."

"माहीत आहे बाबा."

"त्यानं मले कायीच नाई सांगतलं. आठ दिवस झाले, येतच नाई. म्या म्हटलं काम असन." त्यांनी गॅरेजच्या दिशेनं हात केला. मग म्हणाले, "जाऊन ये."

मी गॅरेजात गेले. काका एका गाडीखाली होते. माझे पाय पाहून बाहेर सरकले, उठून हात पुसले, स्टूल पुढं केलं. "बसा मॅडम."

चाळीस वर्षांत ते मला मॅडम म्हणाले नव्हते. साहेबासमोर म्हणाले ते मी समजू शकत होते. इथं तर कोणीच नव्हतं.

मी रडले. माफी मागितली. मला मुलांसमोर बोलायची सवय आहे, त्यामुळे शब्द बरे सापडत गेले, आणि बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की मी फार चांगलं बोलते आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या कागदावर माह्यं नाव हाय?"

"हो."

"दुकानाचं?"

"हो काका."

"तो कहाडता येते काय तिथून?" आवाजात तक्रार नव्हती. "इथं लय शोरूमच्या गाड्या येतात माह्याकडं. वारंटी संपली की येतात. तिथली पोरं मले पाठवतात गिऱ्हाईक. त्यायनं वाचलं असन आता. म्हनतील, हा मिस्त्री न विचारता गाडी उघडते."

याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं मी त्यांचं मन दुखावलं. त्यांच्या हातच्या कामावर मी डाग लावला होता, हे त्या स्टुलावर बसेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी म्हटलं, काढून आणते. दुसऱ्याच दिवशी नवं पत्र लिहिलं, खरं. आधीचं विधान चुकीचं आहे, दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून झाली, मेकॅनिकनं मला आधी सावध केलं होतं. ते घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. माझा विद्यार्थी ते वाचून पांढरा पडला. "मॅडम, हे दिलंत तर मंजुरी रद्द होईल. मोटरही परत मागतील. आणि माझी नोकरी… कागद मीच लिहायला सांगितला होता." मी पत्र पर्समध्ये घातलं आणि घरी आले. त्याची नोकरी हे कारण खरं होतं. मोटर हेही खरं होतं. दोन्हींपैकी कोणतं जास्त खरं होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ते पत्र मी पाच महिने पर्समध्ये वागवलं. तो मुलगा बदली होऊन नागपूरला गेला, तेव्हा मी जाऊन ते दिलं. नव्या मॅनेजरनं वाचलं, ही फाइल केव्हाच बंद झालीय म्हणाला, आणि एका प्रतीवर पोचेचा शिक्का मारून दिला. कोणी मोटर परत मागितली नाही. काही म्हणता काहीच झालं नाही. जे सांगायची मला त्या दिवशी हिंमत झाली नव्हती, त्याची किंमत एवढीच निघाली.

शिक्क्याची प्रत मी काकांना नेऊन दिली. त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो घरी होता. मी वाचून दाखवते म्हटलं. "नाई, ठेवा. वाचतो मी." त्यांनी घडी करून खिशात घातली. "बरं केलं," म्हणाले. एवढंच. नंतर त्यांनी ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माझ्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक गेलं का, किती गेलं, हेही मला कधी कळलं नाही. गॅरेज चालू आहे. बाबांकडे ते पुन्हा यायला लागले, आधीसारखे रोज नाही, पण येतात. बाबा आता पेपर वाचताना अडखळतात. बारीक अक्षर दिसत नाही. तरी मोठ्यानं वाचतात. मी असते त्या रविवारी काका दारातूनच म्हणतात, "आज पाहुने हायेत, मंग येतो." बाबा म्हणतात, "ये रे, पाहुनी कायची?" पण ते गेलेले असतात.

रागावलेले नाहीत ते. रागावले असते तर मला बरं झालं असतं. बाबांवर रागावतात तसे शिव्या देऊन मोकळे झाले असते. गल्लीत भेटले की थांबतात, कॉलेज कसं चाललंय विचारतात, ऊन लय हाय म्हणतात. मागच्या महिन्यात बाबांना तपासणीला नेताना ते गॅरेजच्या दारात उभे होते. बाबांना आत बसवायला त्यांनी हात दिला, पाय उचलून नीट ठेवले, दार लावलं. मग माझ्या बाजूच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "बरी हाय ना गाडी?"

"बरी आहे काका," मी म्हटलं.

बरी नाही. दिवाळीपासून पुढच्या डाव्या चाकातून वळणावर टकटक असा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरनं दोनदा पाहिलं, कॉम्प्युटरला काही दिसत नाही म्हणाले. वॉरंटी केव्हाच संपली. आता गाडीला कोणीही हात लावू शकतं. एक मिनिट खाली वाकून ते ऐकलं असतं तर काकांनी सांगितलं असतं काय आहे ते. मी पहिला गियर टाकला. गल्लीच्या वळणावर आवाज आला, बाबांनीही ऐकला, आणि मी दुसरा गियर टाकला.